खानदेशातील लहान वायरलेस इंटरनेट सेवादात्यांसाठी एलटीई उपकरणांची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील गावांमध्ये छपरावरच्या डिशमधून आणि खांबांवरच्या रेडिओतून इंटरनेट पोहोचवणाऱ्या लहान व्यावसायिकांकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. एलटीई म्हणजे ४जी मोबाइलचे तंत्र. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की यंत्राच्या कंपनीचा प्रश्न अगदी शेवटी यावा. कारण आधी स्पेक्ट्रम (म्हणजे वापरायला मिळणारा रेडिओलहरींचा पट्टा), मग जमीन आणि पीक, मग अपलोड, मग कोअर (म्हणजे ग्राहक ओळखून त्यांचा डेटा इंटरनेटकडे नेणारे सॉफ्टवेअर) आणि त्यानंतर यंत्र, हाच निवडीचा खरा क्रम आहे आणि तो उलटा केल्यामुळेच बहुतेकांचे भांडवल अडकते.

एलटीई आणि आपण आज वापरतो ते ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ यांत मूळ फरक कोणता?

वायफायवर आधारलेल्या रेडिओत प्रत्येक यंत्र हवा मोकळी आहे का ते ऐकते आणि संधी मिळेल तेव्हा बोलते. ग्राहक वाढले की टकरी वाढतात आणि सगळ्यांचाच वेग घसरतो. एलटीईत बेस स्टेशन, म्हणजे ईनोडबी, दर मिलिसेकंदाला ठरवते की कोणत्या ग्राहकाने हवेचा कोणता तुकडा किती काळ वापरायचा. हा तुकडा १८० किलोहर्ट्झ रुंदीचा असतो आणि २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये असे १०० तुकडे बसतात. या शिस्तीमुळे गर्दीच्या वेळीही जोडणी तुटत नाही आणि कमजोर सिग्नलवरही ती तग धरते. मात्र ही शिस्त सांभाळण्यासाठी सिमकार्ड, कोअर नेटवर्क आणि अचूक वेळ या तीन गोष्टी लागतात, ज्यांची ५ गिगाहर्ट्झच्या साध्या व्यवसायात गरज पडलेली नसते. अलीकडच्या काही ५ गिगाहर्ट्झ प्रणालींतही वेळ वाटून देण्याची आणि जीपीएसने ताल जुळवण्याची सोय असते. त्या एलटीई नव्हेत, पण आपले निम्मे काम त्या भागवतात हे लक्षात ठेवावे.

माझ्याकडे आयएसपीचा, म्हणजे इंटरनेट सेवादात्याचा, परवाना आहे. त्यावर मी एलटीई सुरू करू शकतो का?

नाही, परवाना आणि स्पेक्ट्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयएसपीच्या परवान्याचे अ, ब आणि क असे वर्ग आहेत आणि ते अनुक्रमे देश, दूरसंचार परिमंडळ आणि त्याहून लहान क्षेत्रासाठी सेवा देण्याचा अधिकार देतात. एलटीईसाठी प्रचलित असलेले पट्टे, उदाहरणार्थ ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झ, हे लिलावातून दिले गेले असून परिमंडळनिहाय मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्याला उपकरणांच्या भाषेत बँड ४० म्हणतात, तो २०१० साली लिलावात गेला. ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ साली ५जी लिलावात गेला. म्हणजे बाजारात यंत्र मिळते याचा अर्थ ते लावता येते असा होत नाही.

याउलट ५ गिगाहर्ट्झमधील मोठा भाग २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने परवानामुक्त केला, आणि आपल्यापैकी बहुतेकांचा धंदा त्यावरच उभा आहे. तेथेही शक्तीची कमाल मर्यादा आणि उपकरणाच्या प्रकार-मान्यतेची अट लागू आहेच. ही मर्यादा पाळली नाही तर पहिला फटका शेजारच्या गावातील आपल्याच व्यवसायबंधूला बसतो.

परदेशातून वापरलेली एलटीई बेस स्टेशन स्वस्तात मिळत आहेत. घ्यावीत का?

घेऊ नयेत. यांतील बहुसंख्य यंत्रे बँड ४८ ची असतात. हा ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेत लहान सेवादात्यांना मध्यवर्ती संगणक-प्रणालीच्या परवानगीने वापरता येतो, आणि तेथील लहान कंपन्यांनी एलटीई स्वीकारले ते याच सोयीमुळे. भारतात अशी व्यवस्था नाही. शिवाय त्या पट्ट्याचा मोठा भाग येथे ५जीसाठी विकला गेलेला आहे, त्यामुळे यावलच्या टॉवरवर ते यंत्र सुरू करणे म्हणजे ज्याने पैसे भरून पट्टा घेतला त्याच्या सेवेत थेट अडथळा आणणे होय. अशी अनेक यंत्रे त्या परवानगी-प्रणालीशी संपर्क झाल्याशिवाय प्रसारणच सुरू करत नाहीत. स्वस्तात घेतलेली ही यंत्रे शेवटी गोदामातच राहतात.

मग लहान सेवादात्याला एलटीई वापरण्याचे कायदेशीर मार्ग कोणते उरतात?

तीन मार्ग आहेत. पहिला, स्पेक्ट्रम असलेल्या कंपनीशी करार करून तिच्या नेटवर्कवर सेवा देणे. आभासी नेटवर्क चालकाच्या, म्हणजे व्हीएनओच्या, परवान्याची व्यवस्था २०१६ पासून आहे. या मार्गात बेस स्टेशन कोणते असावे हे बहुधा ती कंपनीच ठरवते आणि आपल्या हाती ग्राहकाच्या घरचे यंत्र, मांडणी आणि देखभाल राहते. ही भूमिका मला अजिबात कमी दर्जाची वाटत नाही, कारण गावात शिडी लावून छपरावर चढणारा माणूसच शेवटी सेवेचा दर्जा ठरवतो.

दुसरा मार्ग खासगी बंदिस्त नेटवर्कचा आहे. साखर कारखाना, सूतगिरणी, औष्णिक वीज केंद्र किंवा औद्योगिक वसाहतीतील मोठा कारखाना यांच्या आवारापुरते नेटवर्क २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उभारता येते आणि त्यासाठी दूरसंचार कंपनीकडून स्पेक्ट्रम भाडेपट्ट्याने घेण्याची तरतूद आहे. अट अशी की हे नेटवर्क सार्वजनिक नेटवर्कला जोडायचे नाही. म्हणजे त्यावरून गावाला इंटरनेट विकता येणार नाही. अशा कामाचा ठेकेदार म्हणून मात्र आपल्याला चांगली संधी आहे.

तिसरा मार्ग सर्वांत साधा आहे : एलटीई ग्राहक म्हणून वापरणे. दूरच्या पाड्यावर मोठ्या कंपनीचा ४जी सिग्नल उंचावर मिळत असेल, तर बाहेरच्या अँटेनाचा एलटीई राउटर तेथे राखीव जोडणी म्हणून उपयोगी पडतो. मात्र ती जोडणी पुढे विकण्यास त्या कंपनीच्या अटींत परवानगी आहे का, हे लेखी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कमी वारंवारितेचा सिग्नल झाडांतून पार जातो असे म्हणतात. केळीच्या बागांतूनही जातो का?

खानदेशात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

मोकळ्या हवेत ५ किलोमीटर अंतरावर २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींचे नुकसान सुमारे ११४ डेसिबल आणि ५८०० मेगाहर्ट्झचे सुमारे १२२ डेसिबल होते. म्हणजे केवळ वारंवारितेमुळे ८ डेसिबलचा फायदा मिळतो आणि पानांतून, फांद्यांतून जाताना तो आणखी वाढतो. पण केळीचे पान हे कडुनिंबाच्या पानासारखे नसते. ते रुंद असते, पाण्याने भरलेले असते, आणि पाणी या लहरी शोषून घेते. रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांत बाग एका शेतापुरती नसून सलग असते, त्यामुळे सिग्नलला एक झाड नव्हे तर शेकडो मीटर ओली भिंत ओलांडावी लागते. अशा भिंतीतून २३०० मेगाहर्ट्झही आरपार जात नाही. जो सिग्नल मिळतो तो बागेच्या माथ्यावरून वाकून आलेला असतो. म्हणून येथे 'झाडांतून जातो' या विक्रेत्याच्या वाक्यावर विसंबू नये. बागेच्या वरून कसा नेता येईल याचा विचार करावा.

येथे एक उलटी बाजूही आहे. दोन अँटेनांमधील सरळ रेषा मोकळी असून भागत नाही, तिच्याभोवतीचा फुगीर भागही मोकळा लागतो. ५ किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर या भागाची त्रिज्या २३०० मेगाहर्ट्झला सुमारे १३ मीटर आणि ५८०० मेगाहर्ट्झला सुमारे ८ मीटर असते, आणि त्यातील किमान ६० टक्के मोकळी असावी असा संकेत आहे. म्हणजे कमी वारंवारितेला अडथळ्याभोवती वाकणे जमते, पण पूर्ण ताकदीने पोहोचण्यासाठी तिला जास्त जागा हवी असते. तापीकाठच्या सपाट पट्ट्यात टॉवरची उंची १० मीटरने वाढवल्याने जो फरक पडतो, तो दुप्पट शक्तीचे यंत्र घेऊनही पडत नाही, कारण शक्ती दुप्पट केल्याने फक्त ३ डेसिबल मिळतात.

जागेची पाहणी कोणत्या महिन्यात करावी?

पीक पूर्ण उंचीला असताना. केळीच्या मृगबागेची लागवड जून-जुलैत आणि कांदेबागेची ऑक्टोबरच्या सुमारास होते, त्यामुळे एकाच शिवारात वर्षभर वेगवेगळ्या उंचीच्या बागा असतात. आमच्या सुरुवातीच्या काळात आम्ही एका गावाची पाहणी बागा निघून गेल्यानंतर मोकळ्या शेतावर केली, आकडे उत्तम आले, वीस घरांना जोडण्या दिल्या, आणि पुढच्या हंगामात त्यांतील निम्म्या घरांचा वेग कोसळला. बिघाड शोधण्यात आमचे दोन महिने गेले; यंत्रात दोष नव्हताच, मधल्या शेतांत केळी वाढली होती. तेव्हापासून पाहणीच्या वहीत आम्ही मधल्या शेतांत काय लावले आहे आणि शेतकरी पुढच्या वर्षी काय लावणार आहे, हे विचारून लिहितो. कपाशी, मका, ज्वारी यांची अडचण सहसा येत नाही. केळी, ऊस आणि बांधावरची मोठी झाडे यांची येते.

एका सेक्टरवर किती ग्राहक ठेवावेत? विक्रेता ९६ सांगतो.

सेक्टर म्हणजे टॉवरवरच्या एका अँटेनाने एका दिशेला व्यापलेला भाग. विक्रेता सांगतो तो आकडा यंत्राला एकाच वेळी किती जोडण्या नोंदवता येतात याचा असतो. किती घरांना समाधानकारक सेवा मिळेल याचा नव्हे. आपला हिशेब आपण करावा.

२० मेगाहर्ट्झचा एक चॅनेल, दोन अँटेनांची रचना आणि डाउनलोडला जास्त वाटा देणारी नेहमीची विभागणी घेतली, तर कागदावरचा कमाल वेग डाउनलोडला सुमारे ११० आणि अपलोडला सुमारे १० एमबीपीएस येतो. हा वेग सर्व ग्राहकांचा सिग्नल उत्तम असेल तेव्हाचा आहे. प्रत्यक्षात काही घरे दूर असतात, काहींसमोर झाड असते. दूरच्या, कमजोर सिग्नलच्या घराला तोच व्हिडिओ दाखवण्यासाठी बेस स्टेशनला हवेचा कितीतरी पट जास्त वेळ खर्च करावा लागतो आणि तो वेळ जवळच्या घरांच्या वाट्यातून जातो. सर्व ग्राहकांकडे बाहेरच्या अँटेना नीट बसवलेल्या असतील, तर मी नियोजनासाठी सेक्टरला ५० ते ६० एमबीपीएस धरतो. रात्री नऊच्या सुमारास, जेव्हा घरोघरी मोबाइल आणि टीव्ही चालू असतात, तेव्हा घरामागे सरासरी २ एमबीपीएस धरले तर २५ ते ३० घरे होतात. तीन सेक्टरच्या टॉवरवर ही संख्या ७५ ते ९० पर्यंत जाते. याहून जास्त घरे घ्यायची असतील तर चॅनेलची रुंदी वाढवावी लागेल किंवा टॉवर वाढवावे लागतील. हिशेबात तिसरा पर्याय नाही.

ज्यांना यातून व्यवसाय बसत नाही असे दिसते, त्यांनी दाट वस्तीत फायबर आणि विखुरलेल्या मळ्यांवर वायरलेस, अशी विभागणी करून पाहावी. माझ्या मते गावठाणात एलटीई लावणे हा स्पेक्ट्रमचा अपव्यय आहे.

अपलोड इतका कमी का, आणि तो वाढवता येतो का?

भारतातील २३०० मेगाहर्ट्झची सेवा टीडीडी पद्धतीची आहे, म्हणजे एकच चॅनेल आळीपाळीने डाउनलोड आणि अपलोडसाठी वापरला जातो. दहा मिलिसेकंदांच्या चौकटीतील दहा भागांपैकी नेहमीच्या विभागणीत फक्त दोन भाग अपलोडला मिळतात. चार भाग देणारी विभागणीही आहे. तीत अपलोड सुमारे २० आणि डाउनलोड सुमारे ८० एमबीपीएसपर्यंत येतो. पण ही निवड आपल्या एका टॉवरपुरती करता येत नाही. त्या पट्ट्यात शेजारी चालणाऱ्या सर्वांची विभागणी सारखी असावी लागते, नाहीतर एकाचा डाउनलोड दुसऱ्याच्या अपलोडवर आदळतो.

दुसरे कारण शक्तीचे आहे. बेस स्टेशन १० वॅट किंवा अधिक शक्तीने बोलते, ग्राहकाचे यंत्र मात्र २३ डीबीएम म्हणजे साधारण एकपंचमांश वॅटने. त्यामुळे दूरच्या मळ्यावर मोबाइलसारखा पूर्ण सिग्नल दिसतो आणि तरी व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण तेथून येणारा आवाजच टॉवरला नीट ऐकू येत नाही. याला उपाय ग्राहकाच्या बाजूची मोठी अँटेना आणि टॉवरच्या बाजूची चांगली ग्रहणक्षमता हा आहे. टॉवरची शक्ती वाढवणे हा नव्हे. सिग्नल ग्रहण करणाऱ्या चार अँटेनांचे बेस स्टेशन दोनच्या तुलनेत महाग असले तरी पैसे तेथे घालणे मला योग्य वाटते.

बेस स्टेशनच्या माहितीपत्रकात नेमके काय वाचावे?

प्रथम बँड आणि चॅनेलची रुंदी. मग प्रत्येक अँटेना-द्वाराची शक्ती. काही पत्रकांत सर्व द्वारांची बेरीज मोठ्या अक्षरांत छापलेली असते. मग एकाच वेळी किती ग्राहक चालतील याचा आकडा आणि तो वाढवण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात का हे पाहावे, कारण अनेक यंत्रांत ३२ किंवा ६४ ग्राहकांनंतरची क्षमता सॉफ्टवेअरच्या कुलपाआड असते. पंखा नसलेली, अंगच्याच धातूच्या पट्ट्यांनी थंड होणारी रचना आपल्याकडे हवी. धुळीत पंखा टिकत नाही. यंत्र निदान ५५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चालणारे असावे, आणि हा आकडा सावलीतला आहे की उन्हासह आहे हे लेखी विचारावे.

सेलची, म्हणजे एका बेस स्टेशनच्या आवाक्यातील क्षेत्राची, कमाल त्रिज्या हा मुद्दा बहुतेक जण वाचत नाहीत. टीडीडीमध्ये डाउनलोड थांबून अपलोड सुरू होण्यापूर्वी एक मोकळी फट ठेवलेली असते, आणि सिग्नलला जाऊन येण्यास लागणारा वेळ त्या फटीत बसावा लागतो. एलटीईत वेळ 'चिन्ह' नावाच्या बारीक तुकड्यांत मोजतात. एका चिन्हाच्या लांबीची फट ठेवली तर साधारण साडेदहा किलोमीटरपर्यंत आणि दोन चिन्हांची ठेवली तर एकवीस किलोमीटरपर्यंतचा ग्राहक चालतो. याशिवाय ग्राहक पहिल्यांदा हाक मारतो त्या संकेताचीही अंतरमर्यादा असते. तिचा शून्य क्रमांकाचा प्रकार साधारण साडेचौदा किलोमीटरपर्यंत, तर टीडीडीतला चार क्रमांकाचा प्रकार दीड किलोमीटरच्या आतच चालतो. शहरासाठी तयार केलेल्या छोट्या सेलमध्ये कारखान्यातून आलेली मांडणी अशी आखूड असू शकते. सिग्नल भरपूर असूनही दूरची घरे जोडलीच जात नाहीत, अशी तक्रार आली की प्रथम हे तपासावे.

जीपीएसची गरज खरोखर आहे का?

होय. टीडीडीत सर्व टॉवरनी एकाच क्षणी बोलणे आणि एकाच क्षणी ऐकणे आवश्यक असते, आणि त्यासाठी वेळेची अचूकता साधारण दीड मायक्रोसेकंदाच्या आत लागते. प्रत्येक टॉवरवर जीपीएस अँटेना लावावी आणि तिला मोकळे आकाश मिळेल असे पाहावे. जीपीएस गेल्यावर यंत्र किती तास ताल टिकवते, हेही विक्रेत्याला विचारावे.

कोअर नेटवर्क स्वतःचे ठेवावे की भाड्याने घ्यावे?

एलटीईत बेस स्टेशन एकटे चालत नाही. ग्राहकाची ओळख पटवणारा, त्याची जागा लक्षात ठेवणारा आणि त्याचा डेटा इंटरनेटकडे नेणारा असा सॉफ्टवेअरचा संच लागतो. त्याला ईपीसी म्हणतात. तो क्लाउडवर भाड्याने मिळतो, काही बेस स्टेशनमध्ये लहान स्वरूपात अंतर्भूत असतो, आणि ओपन५जीएससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर स्वतःही उभारता येतो.

क्लाउडवरील कोअर सोपे असते, पण फायबर तुटले की टॉवर चालू असूनही सारे गाव बंद पडते. महामार्गाचे आणि जलवाहिन्यांचे खोदकाम वर्षभर सुरू असलेल्या आपल्या भागात हा धोका मोठा आहे. कोअरचा निदान डेटा वाहणारा भाग जळगाव किंवा धुळ्यातील आपल्या केंद्रात ठेवावा असे माझे मत आहे; कायद्याने ग्राहकांच्या वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे जपणे बंधनकारक असल्याने त्या आपल्याच हाती असणे हिताचेही ठरते.

सिमकार्डांबाबत एक गोष्ट करारात आवर्जून लिहून घ्यावी. प्रत्येक सिममध्ये गुप्त किल्ल्या असतात आणि त्यांची प्रत कोअरमध्ये असते. या किल्ल्या विक्रेत्याने आपल्याला दिल्या नाहीत, तर उद्या कोअर बदलताना प्रत्येक ग्राहकाच्या छपरावर चढून सिम बदलावे लागेल. तीनशे घरांच्या नेटवर्कला हा खर्च पेलवत नाही.

ग्राहकाच्या घरी कोणते यंत्र द्यावे?

बाहेर बसणारे, १० डीबीआयपेक्षा जास्त (डीबीआय म्हणजे अँटेना एका दिशेला किती जोर एकवटते याचे माप) दिशादर्शक अँटेनाचे आणि एलटीई यंत्रांच्या वेगक्षमतेच्या श्रेणींपैकी निदान श्रेणी ६ चे. खिडकीत ठेवायचे यंत्र बसवायला सोपे असते, पण स्लॅब, जाड विटांची भिंत किंवा पत्र्याचे छप्पर यांतून १० ते २० डेसिबल सहज जातात, आणि असा एक ग्राहक संपूर्ण सेक्टरची हवा खातो. धाब्याच्या जुन्या घरांवर खांब रोवताना धाब्याला भोक पाडू नये. पावसाळ्यात गळती झाली की जोडणी आणि ओळख दोन्ही जातात. भिंतीला पट्ट्या मारून खांब उभा करावा.

बसवणाऱ्या मुलाला 'दांड्या पाहून' अँटेना फिरवण्याची सवय असते. ती मोडून दोन आकडे वाचायला शिकवावे. आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, −९५ डीबीएमपेक्षा चांगली असावी आणि −११० च्या खाली जोडणी देऊ नये. एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे, हा त्याहून महत्त्वाचा आकडा आहे. मोठा पण गढूळ सिग्नल काही कामाचा नसतो. दोन टॉवर दिसत असतील तर थोडा कमजोर पण स्वच्छ सिग्नलचा टॉवर निवडावा.

टॉवरपर्यंतच्या जोडणीत काय सांभाळावे?

फायबर मिळाले तर उत्तम. काही ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेटची फायबर पोहोचलेली आहे आणि ती भाड्याने मिळते का याची चौकशी करावी. मायक्रोवेव्ह, म्हणजे टॉवर ते टॉवर बिनतारी जोडणी, वापरल्यास तीन सेक्टरच्या बेरजेइतकी क्षमता पावसातही टिकली पाहिजे. साक्री तालुक्यात पवनचक्क्यांच्या पात्यांसमोरून जोडणी नेऊ नये. फिरत्या पात्यांमुळे सिग्नल हेलकावतो. आणखी एक बारीक पण नेहमीची चूक अशी की, एलटीईत ग्राहकाचे प्रत्येक पॅकेट दुसऱ्या वेष्टनात गुंडाळून पाठवले जाते, ज्यासाठी ३६ बाइट जास्त लागतात. मधल्या स्विचवर पॅकेटची कमाल लांबी १५०० च ठेवली असेल तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही उघडत नाहीत. ती १६०० ठेवावी.

भुसावळच्या उन्हाळ्यात आणि भारनियमनात ही यंत्रे टिकतील का?

टिकतील, पण विजेची बाजू नीट केली तरच. मे महिन्यात सावलीत ४५ अंश असताना बंद लोखंडी पेटीच्या आत तापमान ६० च्या वर जाते. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवरील प्रत्येक १० अंशांना साधारण निम्मे होते, म्हणूनच पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी आपल्याकडे दीड-दोन वर्षांत बसते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग असली तरी खानदेशात तीच स्वस्त पडते. पेटीला पांढरा रंग, वर दुहेरी पत्र्याची सावली आणि खालून-वरून हवा जाण्याची जाळी, या तीन गोष्टींचा खर्च फार नाही.

हिशेब असा : बेस स्टेशन, मायक्रोवेव्ह आणि स्विच मिळून १५० वॅट धरले तर दहा तासांना १५०० वॅट-तास लागतात. ४८ व्होल्टवर ते साधारण ३१ अँपिअर-तास होतात. ऐंशी टक्केच वापर आणि थोडी घट धरून ५० अँपिअर-तासाची बॅटरी घ्यावी. तीन बेस स्टेशन असतील तर हा आकडा त्या प्रमाणात वाढवावा. धडगाव, अक्कलकुवा भागात जेथे वीज दोन-दोन दिवस येत नाही, तेथे सौर पॅनेलशिवाय टॉवर उभारूच नये.

काळ्या जमिनीत टॉवर उभारताना वेगळे काय करावे?

काळी कसदार माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. ताणतारांचा खांब या हालचालीने तिरका होतो आणि बारीक कोनाची डिश लक्ष्यावरून सरकते. पाया भेगांच्या खोलीच्या खाली, मुरमापर्यंत न्यावा. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, असे वर्षातून दोनदा ताणतारांचा ताण तपासावा. भेगाळलेल्या मातीत अर्थिंगचा संपर्कही सुटतो, त्यामुळे वळवाच्या विजा सुरू होण्यापूर्वी एप्रिल-मेमध्येच अर्थिंगचा रोध मोजावा. गावातील जलकुंभावर किंवा जुन्या गढीवर जागा मिळाली तर पायाचा प्रश्न सुटतो, पण ग्रामपंचायतीचा लेखी ठराव घेतल्याशिवाय तेथे खिळाही ठोकू नये.

सातपुड्यातील पाड्यांसाठी एलटीई योग्य आहे का?

एका टॉवरने डोंगराळ तालुका व्यापण्याची अपेक्षा ठेवू नये. दरी सरळ नसते, आणि डोंगराच्या सोंडेमागे ८५० मेगाहर्ट्झही पुरेसा वळत नाही. तोरणमाळसारख्या उंच जागेवरून खालच्या दरीकडे पाहणाऱ्या अँटेनाला खाली झुकवणे लागते, नाहीतर सिग्नल पाड्यांच्या डोक्यावरून निघून जातो. अशा भागात मी मायक्रोवेव्हच्या साखळीने शाळेपर्यंत किंवा आरोग्य केंद्रापर्यंत जोडणी नेऊन तेथून पीएम-वाणी या सरकारी सार्वजनिक वायफाय योजनेचे वायफाय देण्याच्या बाजूचा आहे. वायफाय केंद्र चालवणाऱ्या दुकानदाराला त्या योजनेत परवाना लागत नाही.

आता एलटीई घ्यावे की ५जीसाठी थांबावे?

यंत्र सॉफ्टवेअर बदलून ५जीवर नेता येत असेल तर तशी हमी लेखी घ्यावी. नुसत्या आश्वासनासाठी जास्त पैसे देऊ नयेत. ग्राहकाच्या घरचे ५जी यंत्र आजही एलटीईच्या यंत्रापेक्षा महाग आहे, आणि लहान सेवादात्याचे बहुतांश भांडवल तेथेच जाते.

कंपनी निवडताना आणि पैसे देताना कोणत्या अटी घालाव्यात?

उपकरणाला भारतातील अनिवार्य चाचणी-प्रमाणपत्र आहे का, आणि ते २०२१ पासून लागू झालेल्या विश्वसनीय स्रोताच्या (म्हणजे सरकारने मान्य केलेल्या पुरवठादारांकडूनच उपकरणे घेण्याच्या) व्यवस्थेत बसते का, ही कागदपत्रे दरपत्रकाबरोबरच मागावीत. दुरुस्तीचे केंद्र कोठे आहे आणि यंत्र किती दिवसांत परत येईल हे विचारावे. आम्ही प्रत्येक दहा बेस स्टेशनमागे एक यंत्र शिल्लक ठेवतो, कारण केळी कापणीच्या दिवसांत व्यापाऱ्याशी भावाचे बोलणे चालू असताना शेतकऱ्याची जोडणी आठवडाभर बंद ठेवता येत नाही.

संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. एक बेस स्टेशन आणि दहा ग्राहक-यंत्रे आणून ती सर्वांत अवघड शिवारात, बागा उंच असताना, तीस दिवस चालवून पाहावी. त्यांतील तीन ग्राहक सेलच्या कडेला असावेत. रात्री नऊ ते अकरा या वेळेत सर्वांनी एकदम डाउनलोड केल्यावरचा सेक्टरचा एकूण वेग, कडेच्या तीन घरांचा अपलोड, वीज घालवून पुन्हा आल्यावर सर्व जोडण्या परत येण्यास लागलेली मिनिटे, आणि जीपीएसची तार काढल्यावर यंत्राने काढलेले तास, हे चार आकडे वहीत लिहावेत, विक्रेत्याच्या प्रतिनिधीची त्यावर सही घ्यावी आणि उरलेली मागणी त्यानंतरच नोंदवावी.